पात्याच्या रेषेबाहेर

माझ्या माहेरी भीतीची कोणाला लाज वाटत नसे. आम्ही बडोद्याच्या घडियाळी पोळातले, त्या जुन्या गल्लीतले, पणजोबांपासून संस्थानच्या कचेऱ्यांत लिहिणाऱ्यांचं घर. बाहेर पडताना कुलूप ओढून बघायचं, कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढून बघायचं. याला आमच्याकडे घाबरटपणा म्हणत नसत, रीत म्हणत. सासर मात्र शिलेदारांचं. सासऱ्यांचे आजोबा महाराजांच्या घोडदळात होते, सासरे पोलिसात आणि थोरले दीर लष्करात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मोरीत पाल बघून मी "मला भीती वाटते" असं म्हणाले, तर सगळं घर हसलं. कौतुकानेच हसलं. पण ते वाक्य त्या घरात दुसऱ्या कोणाच्या तोंडून पुढे कित्येक वर्षं मी ऐकलं नाही.

नव्वदीनंतरचा काळ. माझे यजमान बडोद्यातल्या एका मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. तिथे नवी यंत्रं आली, नवे साहेब आले आणि जुन्या माणसांनी राजीखुशीने घरी बसावं अशी योजना आली. यजमान चाळिशीतले, हात सोन्याचे. घरी बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत छोट्या छोट्या कारखान्यांचा माल तेव्हा परदेशी जायला लागला होता आणि त्या मालाला लाकडी खोकी लागत. यजमानांनी तिथे पत्र्याची एक शेड घेतली, बंद पडलेल्या एका वखारीतून करवतीचं टेबल आणलं आणि मला म्हणाले, "खिळे ठोकायला येशील का? बाहेरचा माणूस ठेवण्यापेक्षा घरचं बरं."

मी खिळे ठोकायला गेले. त्या टेबलाशी माझा काही संबंध येईल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

टेबल म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी पाट. मधे एक फट, फटीतून वर आलेलं गोल, दातेरी पातं, खाली मोटर. पात्याच्या उजव्या हाताला एक लांब लोखंडी पट्टी. तिला गाइड म्हणत. फळी लांबीत चिरायची तर तिची एक कड या गाइडला टेकवून फळी पुढे ढकलायची. गाइड जितकी लांब सरकवाल तितक्या रुंदीची पट्टी निघते. बघायला इतकं सोपं की कोणालाही वाटावं, यात काय आहे.

पहिल्या दिवशी यजमानांनी बटण दाबलं तेव्हा मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. आधी गुणगुणल्यासारखा आवाज आला, मग तो चढत गेला, इतका की पत्रे थरथरले आणि माझ्या दाढा आवळल्या गेल्या. फिरायला लागल्यावर पात्याचे दात दिसेनासे झाले. नुसता एक चंदेरी धूसर गोल उरला, जणू तिथे काही नाहीच. मला त्याचीच भीती वाटली. दात दिसत होते तोवर ठीक होतं.

यजमान मला समजावत. त्यांना समजावायची आवडच होती. "अगं, पातं काही माणसाला शोधत येत नाही. पातं आहे तिथेच असतं. भीती धरायची ती लाकडाची. लाकूड कुठे अडकलं, की पातं ते उचलून मागे फेकतं. तोफेच्या गोळ्यासारखं."

"मागे म्हणजे?"

"म्हणजे ढकलणाऱ्याच्या अंगावर."

मग ते एकेक गोष्ट दाखवत. गाइड पात्याला समांतर हवी. मागच्या बाजूला केसभर मोकळी असली तर चालेल, पण मागे ती पात्याकडे झुकलेली असता कामा नये. झुकली की चिरलेली पट्टी पातं आणि गाइड यांच्या मधे चेंगरते, पात्याच्या मागच्या बाजूचे वर येणारे दात तिला उचलतात आणि फेकतात. दुसरं, पात्यामागे एक पोलादी पट्टी उभी असते, तिला आम्ही पाचर म्हणत असू. लाकडाची चीर मागे मिटू नये म्हणून ती हवी. तिसरं, पात्याच्या नेमक्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं डावीकडे राहायचं. शेवटचा वीतभर भाग हाताने ढकलायचा नाही, काठीने ढकलायचा.

आमच्या टेबलाची एक खोड होती. गाइड पुढून आवळली तरी मागून सैल राहायची. मागे वेगळा एक खटका होता, तोही आवळावा लागे. यजमान दर वेळी दोन्ही आवळत, मग वीज बंद करून पात्याच्या एका दाताला खडूची खूण करत, त्या दातापासून गाइडपर्यंत पट्टीने मोजत, पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेत आणि पुन्हा मोजत. दोन्ही मापं जुळली तरच बटण. हे बघून मला माहेरचं कुलूप ओढणं आठवे आणि तेवढ्यापुरतं बरं वाटे.

लाकूड आम्ही कुठून आणत असू, हेही सांगायला हवं. परदेशातून नवी यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्या खोक्यांचं पाइन लाकूड. ती मोडायची, खिळे उपटायचे, फळ्या चिरायच्या आणि त्याचीच खोकी करून इथला माल परदेशी पाठवायचा. फळ्या जुन्या, आतून ताणलेल्या. काही फळ्या चिरता चिरताच वाकत. लांब फळी असली की पात्यापलीकडे तिचं टोक खाली पडू नये म्हणून कोणीतरी धरायला लागे. हळूहळू ते काम माझ्याकडे आलं. ओढायचं नाही, नुसतं तळहातांवर झेलायचं, हे यजमानांनी पुन्हा पुन्हा बजावलेलं. मी टेबलाच्या पलीकडे उभी राहून फळी झेलत असे आणि ती संपेपर्यंत मनात रामरक्षा म्हणे.

थोरले दीर तेव्हा नुकतेच लष्करातून निवृत्त होऊन बडोद्याला परतले होते. उंचेपुरे, मिशा पांढऱ्या, आवाज असा की हाक मारली तर पोळातला शेवटचा माणूस दार उघडेल. घरात बसून कंटाळले की शेडवर येत. यजमानांपेक्षा चांगले आठ-नऊ वर्षांनी मोठे. त्यांना यजमान लहानपणापासून घाबरून असत, प्रेमही तितकंच. भाऊजींना यजमानांचं ते मोजणं बघवत नसे.

"अरे, किती मोजशील? खोकं करतोयस की दागिना?"

"दादा, हे यंत्र जरा वाकडं आहे. मोजलेलं बरं."

"यंत्र नाही, तू वाकडा आहेस." आणि स्वतःच मोठ्याने हसत.

एके दिवशी सकाळी दारात टेम्पो आला होता आणि यजमान तयार खोकी चढवून द्यायला बाहेर गेले होते. चिरायच्या फळ्या टेबलाशेजारी पडलेल्या. भाऊजी म्हणाले, "चल, तोवर आपण दोघं उरकून टाकू. त्याला जरा धक्का देऊ."

मी म्हटलं, "भाऊजी, हे येऊ देत ना. त्यांनी मोजलेलं नाही अजून."

"मी तोफखान्यात होतो गं. मला मोजणं शिकवू नकोस."

त्यांनी गाइड सरकवली, पुढून आवळली. पात्यामागची पाचर आदल्या दिवशी कशासाठी तरी काढलेली होती, ती बाकावरच होती. भाऊजींनी ती बघितली की नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं. बटण दाबलं. आवाज चढला. मी माझ्या जागी उभी राहिले, कारण फळी लांब होती आणि पलीकडे कोणी नसतं तर ती खाली पडली असती.

फळी अर्ध्याहून पुढे आली तेव्हा मला जळका वास आला. पाइनचा तो गोडसर, राळेसारखा वास नव्हे, करपल्याचा. मग चिरेतून धुराची बारीक रेघ निघाली. माझ्या बाजूने मला दिसत होतं की चीर मिटत चालली आहे, दोन्ही बाजूंचं लाकूड पात्याला चिकटतंय. मी ओरडले, "भाऊजी, थांबा!" त्या आवाजात माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. मी हात वर केला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, माझा चेहरा बघून हसले आणि फळीवर आणखी जोर दिला.

ठो असा आवाज झाला. माझ्या तळहातांवरची फळी एकदम नाहीशी झाली, बोटांच्या कातडीला घासून गेली. मी बघितलं तेव्हा भाऊजी टेबलापासून दूर, भिंतीला पाठ टेकून बसलेले. फळी त्यांच्या शेजारी पडलेली. एक हात डाव्या बरगड्यांखाली धरलेला. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं. पातं अजून फिरत होतं, तोच चंदेरी गोल.

बटण भाऊजींच्या बाजूला होतं. तिथे जायचं तर पात्याला वळसा घालून जायला हवं होतं. माझे पाय जागेवरून हलेनात. खरं सांगते, मला त्यांच्याकडे धावायचं होतं. तेवढ्यात यजमान आत आले, त्यांनी आधी बटण बंद केलं आणि मग भावाकडे वळले.

"दादा, काय झालं? दादा!"

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "मार बसलाय थोडा. पाणी दे." रक्ताचा थेंब कुठे नव्हता. शर्टही फाटलेला नव्हता. त्यांनी उठून उभं राहायचा प्रयत्न केला आणि त्यांचे ओठ पांढरे पडत गेले, ते मी बघितलं. टेम्पोवाला अजून दारात होता. अर्धी खोकी तशीच खाली टाकून त्याने आम्हाला सरकारी इस्पितळात नेलं. रस्ताभर भाऊजींचं डोकं माझ्या मांडीवर. ते म्हणत होते, "आईला सांगू नका." मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला तर कपाळ गार आणि घामाने चिंब.

पोटात रक्तस्राव होत होता. प्लीहा फाटली होती. डॉक्टर घाईत बोलले, त्यातलं आम्हाला एवढंच कळलं की आत्ताच्या आत्ता पोट उघडायला हवं. सही करायला कागद आला तेव्हा यजमानांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून सही केली. बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. यजमान एकदाच बोलले.

"पाचर मी काढली होती काल. पातं बदलताना. सकाळी बसवणार होतो."

"तुम्ही मोजल्याशिवाय सुरू करत नाही, हे त्यांना माहीत होतं," मी म्हटलं.   समोरच्या भिंतीवर कोणीतरी पानाची पिंक टाकलेली होती, तिच्याकडे बघत बसलो.

भाऊजी वाचले. शस्त्रक्रिया झाली, मग ताप आला, तो उतरेपर्यंत पुन्हा सगळ्यांच्या जिवाला घोर. घरी आले ते निम्मे होऊन. सासूबाई त्यांना चमच्याने पेज भरवत आणि कोणालाच काही विचारत नसत. पण मी स्वयंपाकघरात भांडं पाडलं की त्या दचकत, आणि शेजारच्या खोलीत भाऊजीही दचकत. भिंतीपलीकडून पलंग करकरल्याचा आवाज येई, त्यावरून मला कळे.

काही आठवड्यांनी यजमानांनी शेड पुन्हा उघडली. खोकी देण्याचं वचन दिलेलं होतं. मीही गेले. त्यांनी टेबल पुसलं, पाचर बसवली, गाइड मोजली, दोनदा, तीनदा. मग म्हणाले, "मोटरला काहीतरी वांधा दिसतो. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी पट्टा सैल आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी पाण्याचा हंडा भरून आले तर ते टेबलासमोर उभे होते, बोट बटणावर, आणि बोट हलत नव्हतं. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. मला बघून त्यांनी हात खाली घेतला.

"मोटर चांगली आहे," ते म्हणाले. "हात पुढे जात नाही."

त्यांना रडताना मी लग्नापासून बघितलेलं नव्हतं. तेव्हाही ते रडले नाहीत, पण चेहरा असा झाला की मी हंडा खाली ठेवून त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"मला भीती वाटते," ते म्हणाले.

  माझ्या तोंडातून निघून गेलं, "मलाही वाटते. पण मला लहानपणापासून सवय आहे. तुम्ही मोजा, मी ढकलते."

त्यांनी नाही म्हटलं. दोन दिवस नाही म्हणत राहिले. मीही मनातून त्यांच्या 'नाही'ची वाट बघत होते. त्यांनी जोराने एकदा ओरडून नाही म्हटलं असतं तर मी आनंदाने गप्प बसले असते. पण तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "साडी चालायची नाही. पंजाबी ड्रेस घाल, ओढणी नको. केस घट्ट बांध. आणि हातात काही नको."

हातात काही नको म्हणजे बांगड्याही नको. घरी सासूबाईंना हे सांगणं मला पात्यापेक्षा अवघड गेलं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि सासूबाईंच्या हातात काही नव्हतं. धाकट्या सुनेने भरल्या घरात हात मोकळे करायचे, तेही थोरला मुलगा मरणातून परत आलेला असताना! मी कसंबसं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"काढल्या नाहीत तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"कुठे अडकल्या तर हात ओढला जाईल आई. काच फुटून डोळ्यात जाईल."

"आणि काढल्या तर काय होईल, ते तुला माहीत आहे?"

 त्यांनी सूप बाजूला ठेवलं, मोरीतून साबण आणला, माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी हलक्या हाताने उतरवून देवापुढच्या ताम्हणात ठेवली. "ह्यांच्या वेळी वाढवल्या त्या वेगळ्या," म्हणाल्या. "या नुसत्या ठेवलेल्या आहेत. संध्याकाळी आलीस की मीच भरणार." त्या क्षणापासून माझं शेडवर जाणं त्यांचंही भय झालं. संध्याकाळी मी दारात दिसेपर्यंत त्या ओट्यावर बसून असत. मी आले की आधी माझी बोटं बघत, मग तोंड.

पहिली फळी मी चिरली तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. यजमानांनी मेन स्विच पाडला, प्लग काढून माझ्या हातात दिला. "हा तुझ्या हातात असेपर्यंत ते उठू शकत नाही," म्हणाले, जणू टेबल म्हणजे एखादं जनावर. मग खडूची खूण त्यांनी मला करायला लावली. पुढे मी मोजलं. पातं हाताने फिरवलं, गार होतं, जड होतं, दात बोटांच्या टोकाला लागत होते. मागे मोजलं. मागे कागदाच्या जाडीइतकं जास्त आलं.

"हे चालेल?"

"हेच हवं. मागे मोकळं हवं, आवळलेलं नको."

दोन्ही खटके मी आवळले. गाइडला हाताने हलवून बघितलं. पाचर पात्याच्या रेषेत आहे का ते डोळा लावून बघितलं. पातं फळीच्या वर नखभर येईल एवढंच ठेवलं. फळीवरून लोहचुंबक फिरवला, एखादा खिळा आत राहिला असेल तर कळावं म्हणून. या सगळ्याला वेळ लागला आणि मला तो वेळ संपूच नये असं वाटत होतं. मग यजमानांनी प्लग परत लावला, मेन स्विच चढवला आणि ते पलीकडे, माझ्या जुन्या जागी जाऊन उभे राहिले. मी डावीकडे सरकले. बटण दाबलं.

 फळीची कड गाइडला टेकवली. पात्याने लाकूड धरलं त्या क्षणी तळहातांतून खांद्यापर्यंत एक झटका गेला आणि मला वाटलं, झालं, आता येतं अंगावर. पण ते आलं नाही. फळी जड पावलांनी पुढे सरकत राहिली. मी तिच्याकडे बघत नव्हते, चिरेकडे बघत होते, मिटते का. भुसा हातांवर उडत होता. शेवटचा भाग आला तेव्हा मी डावा हात काढून घेतला, उजव्या हातातली काठी फळीच्या टोकाला लावली आणि पट्टी पात्यापलीकडे पूर्ण जाईपर्यंत ढकलत राहिले. अर्ध्यावर सोडायचं नाही, हे मला पाठ होतं. यजमानांनी पलीकडे ती झेलली. मी बटण बंद केलं आणि पातं थांबून त्याचे दात पुन्हा दिसेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग बाहेर जाऊन उलटी केली.

यजमान पाणी घेऊन आले. "छान सरळ निघाली," म्हणाले. त्यांच्याही कपाळावर घाम होता.

सवय होईल, असं सगळे म्हणतात. हाताला सवय झाली. चीर मिटायला लागली की आवाज आधी बदलतो, जाड होतो, हे मला कळायला लागलं. तसं झालं की जोर द्यायचा नाही. फळी गाइडला धरून जागेवर घट्ट ठेवायची आणि गुडघ्याने खालचं बटण मारायचं. ते बटण यजमानांनी माझ्यासाठी बसवलं होतं. पण भीती तशीच राहिली. रोज सकाळी शेडचं कुलूप उघडताना ती नव्याने यायची. एकदा गाठ असलेली फळी चिरताना गाठच सुटून उडाली आणि माझ्या उजव्या कानाजवळून गेली. मागच्या पत्र्याला पोचा पडला. मी रेषेत नव्हते म्हणून वाचले. त्या दिवशी दुपारी आम्ही काम केलं नाही. खंडेराव मार्केटला जाऊन भाजी घेतली, नको इतकी घेतली, आणि घरी येऊन दोघं नुसते मटार सोलत बसलो.

भाऊजी बऱ्याच महिन्यांनी शेडवर आले. बारीक झालेले, हातात काठी. मी गाइड मोजत होते. ते दारातच थांबले.  यजमानांनी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी स्वतःच उचलून दाराबाहेर निंबाखाली ठेवली.

"तू चालवतेस?" त्यांनी मला विचारलं. यजमानांकडे बघितलं नाही.

"हो भाऊजी."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज वाटते."

ते काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला गिरणीचा आवाज आला तरी घाम फुटतो गं. पिठाची गिरणी. तिकडे तोफा चालवल्या, कधी झोप उडाली नाही. खरं सांगायचं तर तेव्हाही उडायची. पण सांगायचं कोणाला? सगळे आपल्यासारखेच." आणि यजमानांकडे वळून म्हणाले, "पाचरीची चूक तुझी नव्हती. बाकावर होती, मी बघितली होती. म्हटलं, कशाला लागते."

यजमान आत गेले, हातोडी आणि खिळ्यांचा डबा घेऊन आले आणि भावाच्या पायाशी ठेवला. भाऊजी खोकी ठोकायला बसले.

पुढे ते रोज येऊ लागले. करवत सुरू करायच्या आधी मी बाहेर येऊन सांगे, "भाऊजी, लावते हं." ते उठून रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीपर्यंत जात, आवाज थांबला की परत येत. त्यावरून घरात कधी कोणी हसलं नाही. सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. चहा पिऊ दे."

नव्या शतकात काम कमी होत गेलं. पुठ्ठ्याची मजबूत खोकी आली, प्लायवूड कापलेलंच मिळू लागलं. शेवटी करजणच्या एका सुताराने टेबल घ्यायचं ठरवलं. टेम्पो घेऊन नवरा-बायको दोघं आले. यजमानांनी त्याला मोटर, पट्टा, बटणं दाखवली. गाइड मी दाखवली. मागचा खटका, खडूची खूण, दोन्हीकडचं माप. तो चलाख होता, लगेच समजला. त्याने स्वतः एकदा मोजून दाखवलं तेव्हाच मी पाचर त्याच्या हातात दिली.

टेबल टेम्पोवर चढवून दोरखंड बांधत होते तेव्हा त्याची बायको माझ्याजवळ आली. हळूच विचारलं, "बेन, तमने बीक नथी लागती?" भीती नाही का वाटत, असं.

"लागे छे," मी म्हटलं. "तू पलीकडून फळी झेलणार?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग ओढू नकोस. नुसती झेल. आणि तो ढकलतो त्या बाजूला गेलीस तर पात्याच्या समोर उभी राहू नकोस. बाजूला."

तिने टेम्पोवरच्या टेबलाकडे बघितलं. मोटरची वायर गुंडाळून बांधलेली होती, पातं काढून पोत्यात ठेवलेलं होतं. तरी ती दोन पावलं बाजूला सरकली. मी तिचा हात धरला, तो गार पडला होता. मग नवऱ्याने हाक मारली आणि ती पुढे जाऊन बसली. टेम्पो वसाहतीच्या फाटकातून वळून गेला. आम्ही तिघं रिकाम्या शेडमध्ये परत आलो आणि भाऊजींनी केरसुणी घेऊन भुसा झाडायला सुरुवात केली.